बीसीजी टोचली, तरी टीबी कसा झाला?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने रडवेल्या आवाजात विचारलं, "पोराला जन्मल्यावर दंडावर बीसीजी टोचली होती. मग अठराव्या वर्षी त्याला टीबी कसा झाला? माझं काही चुकलं का?" आज तिच्या प्रश्नाबद्दलच बोलू.

ताई, तुझं काही चुकलं नाही. बीसीजी पहिल्यांदा 1921 साली बाळाला दिली गेली. मेंदूच्या टीबीसारख्या जिवावरच्या दुखण्यापासून ती बाळांना वाचवते, म्हणून ती टोचून घ्यायचीच. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपुढे ती कमी पडते.

कारण हा जंतू लबाड. ज्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याच पोटात तो दडून बसतो. चोराने राखणदाराच्याच खोलीत लपावं तसं. रक्तातली प्रतिद्रव्यं तिथं पोचत नाहीत. तिथं टी पेशी लागतात.

त्यांना जागं करायला लशीत एक जोडीदार द्रव्य घालतात, त्याला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. 1926 साली इंग्लंडमध्ये घटसर्पाच्या लशीसाठी चक्क तुरटी वापरली होती! पण तुरटीच्या जातीच्या क्षारांनी प्रतिद्रव्यं वाढतात, या कामाच्या टी पेशी फारशा नाहीत. म्हणून चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून नवं द्रव्य काढलं. ही साल आपल्या रिठ्यासारखी फेसाळते.

द्रव्य चालतं का, हे आधी उंदरांवर बघतात. एका गटाला नुसती लस, दुसऱ्याला लस आणि द्रव्य, तिसऱ्याला बीसीजी, चौथ्याला नुसतं मिठाचं पाणी. पुढे सगळ्यांच्या श्वासातून टीबीचे जंतू सोडतात. काही आठवड्यांनी उंदीर मारून त्यांची फुप्फुसं वाटतात, थाळीवर पसरतात. तीन-चार आठवड्यांत जंतूंचे ठिपके उठतात, ते मोजायचे. ज्या गटाचे ठिपके कमी, त्याची लस सरस.

पण उंदराचा टीबी हुबेहूब माणसासारखा नसतो. म्हणून पुढे माणसांवर चाचणी लागतेच. त्या सालीचं द्रव्य घातलेल्या एका लशीने आफ्रिकेतल्या चाचणीत टीबीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. 2024 साली दक्षिण आफ्रिकेत तिची मोठी चाचणी सुरू झाली.

तोवर आपल्या हाती काय? दोन आठवड्यांवर खोकला गेला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी आणि औषध फुकट आहे. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडू नका. आणि टीबी झालेल्या सुनेचं ताट वेगळं करू नका. तो ताटाने नाही, खोकल्यातून पसरतो.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.