माफी मागितली, पुढे काय?



हल्ली बड्या कंपन्यांपासून गावच्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे नेतृत्वाची शिबिरं भरतात. त्यात एक खेळ हमखास असतो : कागदावर आपल्या तीन उणिवा लिहा. कागद गोळा करून पाहावेत तर बहुतेकांनी तेच लिहिलेलं. मी फार काम करतो, मला हयगय खपत नाही, मी चटकन विश्वास टाकतो. उणीव विचारली तरी माणूस स्वतःची शिफारसच लिहून देतो! खरी उणीव कळते ती बहुधा चारचौघांत तोंडघशी पडल्यावर. म्हणून आज गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल बोलणार आहे.

साल १८९७. गोखले एकतीस वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली. आकडे तोंडपाठ, उलटतपासणीतही कुठे डगमगले नाहीत. त्याच मुक्कामात पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. पुण्यात प्लेग, गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेताहेत, लोक गांजलेले. दोन स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यांतल्या एकीनं जीव दिला, असं एका बातमीत होतं. २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणारा गोरा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि वातावरण आणखीच पेटलं. गोखल्यांनी ती अत्याचारांची बातमी 'मँचेस्टर गार्डियन'च्या बातमीदाराला सांगितली. विलायतेत गदारोळ झाला, पुरावा मागितला गेला. जुलैअखेर ते मुंबईला उतरले, तेव्हा हाती काहीच नव्हतं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायची नाहीत आणि छातीठोकपणे पुढे यायला कोणी तयार नाही. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली, सोल्जरांचीसुद्धा.

पुण्यात काय झालं असेल याची कल्पना करा. तिकडे टिळक राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा भोगायला गेले आणि इकडे हे सरकारपुढे नमले! डरपोक म्हणून त्यांची छी-थू झाली. माझं मत विचाराल तर माफी जरा सढळच होती. झडत्यांमध्ये जुलूम झाला होता, हे पुण्यातलं पोरही सांगू शकलं असतं. पण मला त्या माफीपेक्षा पुढची वर्षं महत्त्वाची वाटतात.

एकच माणूस, एकच मुक्काम. कमिशनपुढे बोलताना प्रत्येक आकडा घासूनपुसून घेतलेला आणि मित्राचं पत्र मात्र वाचलं तसं पुढे सांगितलेलं. मन कळवळलं की गोखल्यांचा हिशेबीपणा सुटत होता. त्यांचं स्पष्टीकरण काही असो, त्यांनी पुढे कामाची जी घडी बसवली तिच्यात या दुखण्यावरचा इलाज दिसतो. प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून वस्त्यांतून फिरले, स्वतः पाहायला लागले. १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर त्यांनी पहिलं भाषण केलं, ते सरकारच्याच जमाखर्चातून उभं केलेलं होतं. तिजोरीत शिल्लक राहते म्हणजे रयत सुखी आहे असं नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त घेतलाय, असं त्यांनी सरकारला सरकारच्याच आकड्यांनी सुनावलं. मिठावरचा कर मणामागं अडीच रुपये होता, तो पुढच्याच वर्षी दोन रुपये झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण आता त्यांच्याकडे कोणी पुरावा मागू शकत नव्हतं.

१९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. आधी अभ्यास, देश पाहणं, मग पुढारपण. १९१५ च्या जानेवारीत गांधी आफ्रिकेहून परतले, तर त्यांनाही तीच अट : वर्षभर देशात हिंडा, राजकारणावर बोलू नका. आफ्रिकेत एवढी मोठी लढाई लढून आलेल्या माणसाला असं सांगायला धाडस लागतं. गांधींनी ऐकलं. गोखले मात्र त्याच फेब्रुवारीत गेले.

एवढं करूनही गोखल्यांचा हळवेपणा गेला नाही, बरं का. वर्तमानपत्रातली टीका त्यांना शेवटपर्यंत झोंबायची. स्वभाव होता तसाच राहिला. फक्त त्या स्वभावाच्या भरवशावर जाहीर विधान करायचं नाही, एवढी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. आपल्यापैकी किती अध्यक्ष, चेअरमन आणि साहेब सकाळी मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी तेवढं थांबतात?