खेळ रंगात येतो आणि पडदा काळा पडतो



या व्यासपीठावर संत, शिवकाल आणि सीमाप्रश्न ऐकायची बेळगावकरांना सवय. मी बोलणार आहे ग्राफिक्स कार्डावर. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच घड्याळ पाहिलं, ते माझ्या ध्यानात आलं. पण मागं उभी असलेली पोरं हसली, म्हणजे दुखणं घरोघरी आहे.

निपाणीत माझा भाचा आहे. वर्षभर पैसे साठवून त्यानं कार्ड घेतलं. रात्री गेम लावला, दहा मिनिटं छान चाललं, आणि ऐन चकमकीत पडदा काळा. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याचा फोन आला, "मामा, कार्ड गेलंय बघा." मी विचारलं, "पडदा काळा झाला तेव्हा आवाज येत होता काय?" पलीकडं शांतता. ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

नुसता ताप आहे म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही, तसंच हे. काळोख नेमका कसा झाला ते आधी बघायचं. पडदा दोन-चार सेकंद काळा होऊन परत आला, तर ते विंडोजचं काम. कार्डाला सांगितलेलं काम २ सेकंदांत आटोपलं नाही, की विंडोज त्याच्या ड्रायव्हरला झटकून पुन्हा उभं करते. ही सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. त्याआधी अख्खं यंत्रच गोठायचं. इव्हेंट व्ह्यूअर उघडलंत तर तिथं ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. पडदा काळा, पण आवाज चालू आणि कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो, तर यंत्र जिवंत आहे. संशय ड्रायव्हरवर, केबलवर किंवा कार्डावर. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून पाहा, कधीकधी चित्र परत येतं. पडदा काळा आणि कार्डाचे पंखे जीव खाऊन फिरताहेत, तर कार्डाचं यंत्राशी बोलणं तुटलंय. आणि सगळंच बंद पडून यंत्र पुन्हा सुरू झालं, तर आधी विजेकडं वळा. तिथं ४१ क्रमांकाची नोंद मिळेल. ती पाहून पोरं लगेच पॉवर सप्लाय बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हालाही दिसलं होतं.

विजेवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात निम्मी भानगड तिथंच असते. कार्ड बसवायच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आठ पिनांच्या जोडणीतून आणखी १५०. कित्येक मोठ्या कार्डांना अशा दोन किंवा तीन जोडण्या लागतात. पुष्कळ जण एकाच वायरच्या शेवटी असलेली दोन्ही टोकं लावून मोकळे होतात. कार्डावर ३२० वॅट लिहिलेलं असतं ती सरासरी. गेममध्ये स्फोट झाला, धूर उसळला, की काही मिलिसेकंदांपुरती ओढ त्याच्या कितीतरी वर जाते. सप्लाय तोकडा असला की स्वतःला वाचवायला तो बंद होतो. म्हणून दोन जोडण्यांना सप्लायपासून निघणाऱ्या दोन वेगळ्या वायरी द्या. फुकटातला उपाय आहे.

आता घराबाहेर या. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत यंत्रमाग, उद्यमबागेत फाउंड्री, आणि खेड्यात थ्री-फेज आली की एकदम सुरू होणारे पंप. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सात पट करंट ओढते. घरातला दिवा क्षणभर मिचकावतो तो त्यामुळं. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. भर ओझ्याखाली कॉम्प्युटरचा सप्लाय जेमतेम तेवढाच वेळ तग धरतो. नुसतं टायपिंग चाललं असेल तर तो झोका पचतो, गेम चालू असेल तर पचत नाही. वळवाच्या दिवसांत हे रोजचं.

भाच्याला मी सांगितलं, पुन्हा खेळ, पण कान उघडे ठेवून. दहा मिनिटांनी फोन. "मामा, सगळंच बंद झालं, आणि टेबलाखाली टींऽऽ वाजलं." टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस होता. हे व्हीए प्रकरण फसवं आहे; अशा यूपीएसमधून साधारण ३६० वॅटच मिळतात. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्यांची ओढ ४०० च्या वर चालली होती. ते टीं तो आधीपासून ऐकत होता आणि लाइट गेली असं समजत होता.

पण त्याचं यंत्र उघडल्यावर दुसरंही काही दिसलं. घर वखारीच्या गल्लीत. निपाणीची तंबाखू तुम्हाला सांगायला नको. त्या तंबाखूची बारीक भुकटी कार्डाच्या पंख्यामागं, ॲल्युमिनियमच्या पात्यांत जाजमासारखी बसली होती. पावसाळ्याच्या दमटपणात ती चिकटते आणि मग फुंकरीनं हलत नाही, कार्ड तापत राहतं. ब्लोअरनं साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार मोठ्यांकडूनही झालाय. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम कोसळत आणि पडद्यावर संदेश येई, व्हिडिओ मेमरी अपुरी. लोकांनी साहजिकच कार्डाला धरलं. खोट निघाली प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजमध्ये. ऑगस्टमध्ये इंटेलनं दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. उलटी गोष्टही आहे. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणीत ईव्हीजीए कंपनीची काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची मेली. सगळे गेमला शिव्या देत होते. गेमच्या मेनूत फ्रेमना लगाम नव्हता हे खरं, पण त्या कार्डांत डागकामच कच्चं होतं, असं कंपनीनं नंतर सांगितलं. कार्डं बदलून दिली.

तेव्हा क्रम ठेवा. खर्च नाही ते आधी: केबल काढून घट्ट बसवा, यूपीएस वगळून थेट सॉकेटवर चालवून बघा, ओव्हरक्लॉक काढा, फ्रेमना सेकंदाला ६० चा लगाम घाला. मग सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळासकट काढून नवा घाला. दुखणं नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झालं असेल तर मागचाच घाला. कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून खेळा. तेवढ्यानं थांबलं तर बहुधा सप्लाय किंवा उष्णता, दोहोंपैकी एक. शेवटी मित्राच्या यंत्रात आपलं कार्ड लावा. तिथंही पडदा काळा झाला, तरच दुकानात जा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं झालं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही बदलाव्या लागतात.

आता प्रश्न विचारा. आजोबांपासून सुरुवात करू. पोरांनो, तुमची पाळी येईपर्यंत एवढं आठवून ठेवा: पडदा काळा झाला तेव्हा आवाज येत होता का?