जमिनीचा भाव आणि जमिनीचे उत्पन्न
(शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. अशा प्रकल्पाशेजारच्या जमिनीला दोन किमती असतात: एक पिकाची, दुसरी ठिकाणाची. ठिकाणाची किंमत नांगराने वाढत नाही. रस्ता, रेल्वे, वीज आणि नाशिक शहराचा विस्तार यांतून, म्हणजेच समाजाच्या श्रमांतून ती वाढते. मग ही वाढ कोणाच्या पदरात पडते?

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचे २४ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ज्या कामासाठी जमीन घ्यायची, त्या कामामुळे होणारी मूल्यवाढ भरपाई ठरवताना जमेस धरू नये, असे ते बजावत होते. तत्त्व म्हणून हे सर्वस्वी चूक नाही. पण ज्याची जमीन संपादनातून सुटली, त्या बांधापलीकडच्या शेजाऱ्याला तीच वाढ अनायासे मिळाली आणि त्याच्याकडून जमीन घेऊन ठेवणाऱ्या धनिकाला त्याहूनही अधिक. ती नाकारली गेली ती फक्त जमीन देणाऱ्याला! २०१३ च्या कायद्याने शंभर टक्के दिलासा रक्कम देऊ केली, हे योग्यच झाले. परंतु शेजारच्या अनर्जित लाभाला त्याने हात लावला नाही.

आता ज्यांच्याकडे जमीन उरली त्यांच्याविषयी. समजा, एकराचा भाव चाळीस लाख रुपये आहे. सात टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज दोन लाख ऐंशी हजार होते. घरच्या माणसांची मजुरी वजा केल्यावर कांदा किंवा टोमॅटो दरसाल इतके निव्वळ देतो काय? देत नसेल, तर कसण्यासाठी जमीन विकत घेणे शेतमजुराला कधीच परवडणार नाही. भाववाढीने शेतकरी श्रीमंत होतो तो जमीन विकल्यावर. आणि सगळी विकली तर तो शेतकरी राहत नाही.

म्हणून कर्ज काढताना भावाकडे नव्हे, पिकाच्या उत्पन्नाकडे पाहावे. द्राक्षबागेचा मांडव उभा राहिल्यापासून पहिला माल निघेपर्यंत हप्ते कशातून फेडायचे, हे आधी वहीत मांडावे. त्या वहीत घरातील स्त्रियांच्या कामाचे दिवसही लिहावेत. बहुतेक वह्यांतून नेमके तेच गळतात. न्हाणीचे पाणी वाया न घालवता परसात केळी, अळू, शेवगा लावावा. बाजारचा खर्च तेवढाच वाचतो. राहिली वीजकेंद्राची राख. ती जवळ आहे, स्वस्त आहे, एवढ्याच कारणासाठी काळ्या रानात पसरू नये. आधी माती तपासून घ्यावी.