‘आपल्यात नाही’ म्हणून भागणार नाही
(संस्थेच्या पालक सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत मी ‘किशोरवयीन मुले आणि दारू’ या विषयावर बोलणार आहे असे कळल्यावर एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “मास्टरसाब, हा विषय आपल्या जलशात कशाला? दारू हराम आहे हे आपल्या लेकरालेकराला ठाऊक आहे. लोक काय म्हणतील?” त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी मी हाच विषय घेतला, कारण ‘आपल्यात नाही’ हे वाक्य मीही अनेक वर्षे म्हणत आलो आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याने मोजली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला एका मुलाच्या तोंडाला वास आला. मुलगा अभ्यासात मध्यम, स्वभावाने गरीब, कबड्डीत मात्र चपळ. मी संतापलो. सर्व वर्गासमोर त्याला उभे केले, नाही नाही ते बोललो आणि चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवले. वडील मोंढ्यात हमाली करणारे. त्यांनी भर रस्त्यात पोराला मारले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. आठ-दहा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो पुण्याकडे बांधकामावर निघून गेलेला होता.

पुढे त्याच्या मित्राकडून मला सारे समजले. त्या मुलाने पहिला घोट एका नात्यातल्या वरातीत घेतला होता. डीजेच्या गाडीमागे नाचताना घरातल्याच एका मोठ्या माणसाने थंड पेयाच्या बाटलीत मिसळून ती त्याच्या हाती दिली आणि “मर्द हो जा रे” म्हणून बाकीचे हसले. ज्याने बाटली दिली त्याला कोणी जाब विचारला नाही. ज्याने घेतली त्या चौदा वर्षांच्या पोराला मी, त्याच्या वडिलांनी आणि गल्लीने मिळून शिक्षा केली. मित्रहो, मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस, बालमानसशास्त्राचा पेपर मी उत्तीर्ण झालो आहे. पण त्या दिवशी मी नापास झालो.

आता आपण थोडे शांतपणे पाहू. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, असे तीत आढळले. १० ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १.३ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ३० लाख मुले. आकडा लहान वाटतो. पण ही ३० लाख मुले कोणाच्या तरी वर्गात, कोणाच्या तरी दस्तरखानावर बसलेली आहेत.

डॉक्टर सांगतात की माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. विचार करून पाऊल टाकण्याचा, स्वतःला आवरण्याचा जो भाग आहे तो सर्वांत शेवटी पक्का होतो. म्हणून ज्याने पंधराव्या वर्षाच्या आत सुरुवात केली, त्याला पुढे व्यसन जडण्याचा धोका मोठेपणी सुरुवात करणाऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. ‘थोडी घेतली तर काय होते’ या प्रश्नालाही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ उत्तर दिले: दारूची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. जे थोडे आहे तेही वर्ज्य, ही शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. विज्ञान फिरून त्याच उंबरठ्यावर आले.

आपल्या दीनमध्ये दारूची मनाई कशी आली, हे एक शिक्षक म्हणून मला फार विचार करण्यासारखे वाटते. आधी सूर-ए-बकरामध्ये लोकांना सांगितले गेले की हिच्यात नफ्यापेक्षा गुनाह मोठा आहे. म्हणजे आधी बुद्धीला हाक दिली. मग सूर-ए-निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाऊ नका असा हुकूम झाला. म्हणजे दिवसाची घडी बदलली. त्यानंतर सूर-ए-माइदामध्ये पूर्ण मनाई आली, आणि दारूमुळे आपसांत वैर माजते हे कारणही सोबत सांगितले गेले. तोवर मने तयार झाली होती, म्हणून हुकूम येताच मदिनेच्या लोकांनी घरातली दारू रस्त्यावर ओतून दिली, असे रिवायतीत येते. आज मनाई पूर्ण आहे, तिच्यात तसूभरही सवलत नाही. पण शिकवण्याची ती पद्धत आपण विसरलो. आपण लेकराला ‘हराम’ हा शब्द सांगतो आणि थांबतो. का, कशाने, कोणी आग्रह केला तर काय करायचे, हे सांगत नाही. शिवाय हदीसमध्ये फक्त पिणाऱ्याची निंदा नाही. पाजणारा, विकणारा, वाहून नेणारा यांचीही आहे. वरातीतल्या त्या मोठ्या माणसाचे नाव त्या यादीत पोरापेक्षा वर लागते.

देशाचा कायदाही हेच म्हणतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी किमान वय २१ आणि कडक दारूसाठी २५ ठरलेले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ तर आपण सर्वांनी पाठ करावे असे आहे. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय अठरा वर्षांखालील मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ प्रमाणे मुलाकरवी दारू विकणे, आणवणे, पोचवणे यालाही तीच शिक्षा आहे. “जा रे, कोपऱ्यावरून एक क्वार्टर घेऊन ये” असे सांगणाऱ्या काकाला ठाऊकच नसते की आपण गुन्हा करीत आहोत.

हा प्रश्न गरिबांचाच आहे असेही नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि तो मद्य पिऊन आल्याचा आरोप झाला. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. निवाडा करणे न्यायालयाचे काम. आपण एवढेच पाहावे की एका बाजूला लाखो रुपयांची गाडी आणि दुसऱ्या बाजूला आमच्या हमालाचा पोरगा, पण दोघांच्याही मागे ‘नाही’ म्हणणारा मोठा माणूस त्या रात्री उभा नव्हता.

उपाय काय? महाराष्ट्राला हा लढा नवा नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. पण नुसत्या बंदीने चोरटी दारू थांबत नाही, हे ओळखून तिथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले. त्यात गावाची संघटना, शाळेतले शिक्षण, व्यसनी माणसाचा उपचार आणि कायद्याची अंमलबजावणी या चारही गोष्टी बरोबर चालवल्या गेल्या. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने दाखवून दिले की व्यसनी माणूस हा आधी रोगी आहे, त्याला मारून नव्हे, उपचाराने बरे करता येते.

माझ्या माता-भगिनींसाठी एक खास गोष्ट. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूदुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवानाधारक दुकानही बंद होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही कळणारी ही दोन चित्रे आहेत. राज्यातल्या कित्येक गावांतल्या बायांनी ही बाटली आडवी केली आहे. मात्र हे काम एकट्या एका समाजाने होत नाही. बुरख्यातली बहीण आणि डोईवर पदर घेतलेली शेजारीण एकाच रांगेत उभ्या राहतील तेव्हाच ते होईल. बाटलीला जात नसते. तिच्याविरुद्धच्या लढ्यालाही नसावी.

दूरचे एक उदाहरण देतो. आइसलँड नावाचा एक छोटा, थंड देश आहे. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात एकदा तरी नशा होईपर्यंत दारू प्यायली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी काय केले? दरवर्षी शाळाशाळांतून मुलांनाच विचारले. रात्री उशिरा मुले बाहेर राहणार नाहीत असे पालकांनी आपसांत ठरवून घेतले. खेळ, संगीत, छंद यांसाठी पालिकेने कुटुंबांना पैशाची मदत दिली. आणि आई-बापांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: मुलांबरोबर अधिक वेळ घालवा. यातले कोणते काम जळकोटला अशक्य आहे?

आपला भाग डोंगराळ, शेती पावसावर. कोणाचा बाप ऊसतोडीला, कोणाचा ट्रकवर, कोणाचा पुण्या-मुंबईला. संध्याकाळी घरात पुरुष माणूस नाही. शाळा सुटल्यावर पोरगा गॅरेजवर काम करतो, हाती चार पैसे येतात, आणि रस्त्यावरच्या ढाब्याचा दिवा मात्र रोज लागतो. या मोकळ्या संध्याकाळी आपण भरून काढल्या नाहीत तर त्या दुसरे कोणी भरणारच.

म्हणून मी संस्थेपुढे आणि जमातीपुढे पाच गोष्टी ठेवतो.

पहिली, निकाह ठरवतानाच दोन्ही घरच्या मोठ्यांनी बोलून घ्यावे की वरातीत आणि संदलच्या मिरवणुकीत दारू चालणार नाही. मुलांवर लक्ष ठेवायला प्रत्येक घरचा एक जबाबदार माणूस नेमावा.

दुसरी, मगरिबनंतर दोन तास शाळेची एक खोली अभ्यासिका म्हणून उघडी राहावी, आणि दुपारनंतर मैदान. किल्ली सांभाळायला आणि आठवड्यातून तीन दिवस बसायला मी तयार आहे.

तिसरी, पेशइमामसाहेबांना विनंती, की जुम्म्याच्या बयानात वर्षातून दोन-तीन वेळा हा विषय घ्यावा आणि तो पोरांपेक्षा बापांना उद्देशून घ्यावा.

चौथी, सर्व समाजांच्या पालकांनी मिळून दुकानदारांना आणि ढाबेवाल्यांना भेटावे, कलम ७७ समजावून सांगावे. न ऐकल्यास पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्या मुलाचे पाऊल घसरले त्याला शाळेतून काढू नये आणि त्याच्या घराला वाळीत टाकू नये. बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पण तो कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते, कारण बाहेर टाकलेल्या मुलाला आत घ्यायला ढाबा रात्रभर उघडा असतो. अशा मुलाला डॉक्टरकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे, संकटातल्या बालकांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक शब्द. मित्राने आग्रह केला तर भाषण देत बसू नका. ‘मला नको’ एवढे म्हणा आणि तिथून उठा. जो त्यावर हसेल तो तुमच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणार नाही. आणि चूक झालीच, तर लपवू नका. आईला सांगा, नाहीतर मला सांगा. या वेळी मी ओरडणार नाही, हा माझा शब्द आहे.

जाता जाता त्या मुलाचे सांगतो. गेल्या ईदला तो गावी आला होता. नमाजनंतर ईदगाहच्या मैदानात त्याने मला गाठले, गळाभेट घेतली. मी माफी मागण्यासाठी शब्द शोधत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, “सर, माझा धाकटा भाऊ यंदा तुमच्या शाळेत आहे. त्याच्याकडे लक्ष ठेवा.”

तो धाकटा आज याच सभागृहात बसला आहे. तो कोणता, हे मी सांगणार नाही. सांगण्याची गरजही नाही. आपल्यातला प्रत्येकजण इथल्या प्रत्येक मुलाकडे तोच तो आहे असे समजून पाहील, तर मला जे साधले नाही ते आपणा सर्वांना मिळून साधेल.

अल्लाहतआला आपल्या लेकरांना सलामत ठेवो आणि आपल्याला त्यांचे खरे वडीलधारे होण्याची तौफीक देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!

— सहशिक्षक (बी.ए., बी.एड.), जळकोट