एका हजेरीपटावरची वेगवेगळी घरं

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

येत्या जूनमध्ये तुमच्यातले अनेक जण पहिल्यांदा स्वतःच्या वर्गात उभे राहतील. हजेरीपट एकच असेल, पण त्यावरची घरं निरनिराळी असतील. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी पावरी, गोरमाटी किंवा दखनी. एखादी मुलगी दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाईल आणि गाळप हंगाम संपल्यावर परतेल, तोवर तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असेल.

अशी मुलं शेजारी बसवली की त्यांची गट्टी आपोआप जमते, या भरवशावर राहू नका. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुलं एका वर्गात आली आणि शाळांमध्ये मारामाऱ्या सुरू झाल्या. समाजमानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी वर्गातली शिकवण्याची रीत पाहिली. शिक्षक प्रश्न विचारत, हात वर होत, आणि एकाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याला संधी मिळे. अभ्यासच मुलांना एकमेकांविरुद्ध उभा करत होता. ॲरन्सन यांनी मुलांचे छोटे मिश्र गट केले, धड्याचे भाग पाडले आणि प्रत्येकाला एकच भाग दिला. तो त्याने स्वतः शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची टिंगल करणाऱ्यांना लवकरच उमगलं, की त्याचा भाग त्याच्याकडूनच कळणार आहे. मग ती मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली, त्याचं ऐकू लागली.

सोबतच्या कामातून मुलं जवळ येतात, हे मर्म आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखलं होतं. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. शिवाशिव पाळणाऱ्या त्या काळात तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, हातानं कामं करत आणि एका पंगतीला जेवत. समतेचं व्याख्यान ऐकण्याआधी ती मुलं समता जगत होती.

तुमच्या वर्गातही आपलेपणा रोजच्या कामातून येईल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक नाव घरी उच्चारतात तसं उच्चारायला शिका. ‘सुट्टीत कुठे फिरायला गेलात?’ या प्रश्नाला काही मुलांकडे उत्तर नसतं. ‘पहिला पाऊस पडला की तुमच्या घरी काय करतात?’ याला प्रत्येकाकडे असतं. उसाच्या फडातून परतलेल्या मुलीला केवळ मागे राहिलेली म्हणून वागवू नका. मोळी, वजन, मजुरी यांचं गणित तिनं पाहिलेलं आहे. वर्गाला ते तिच्याकडून शिकू द्या. गट पाडताना हुशार मुलांचा वेगळा गट करू नका, आणि असं काम द्या की एकालाही वगळून ते पुरं होणार नाही.

अभ्यासक्रम संपवण्याची घाई तुमच्या मागे लागेलच. तरीही या गोष्टींना वेळ द्या. ज्या मुलाला वर्ग आपला वाटतो, ते प्रश्न विचारायला धजावतं, आणि शिक्षण तिथूनच सुरू होतं. एकमेकांची गरज ओळखणारी मुलं तुमच्या हातून घडोत. उद्याच्या गावांना आणि शहरांना अशाच नागरिकांची गरज आहे.