पिसवा पुन्हा पुन्हा का होतात?



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण मला येत नाही. घरात घडले तेच सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोत्याला पिसवा झाल्या. औषध लावले की आठ दिवस बरे, पुन्हा तेच. धाकटीचे पाय चावून लाल झाले. वैतागून यजमानांनी कपाशीवरचे फवारणीचे औषध त्याच्या अंगाला चोळले. डबा मीच आणून दिला होता. तासाभरात मोत्याच्या तोंडाला फेस आला. साबणाने धुऊन गुरांच्या डॉक्टरांकडे नेला, म्हणून वाचला. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अशी औषधे फवारताना माणसे दगावली, हे ठाऊक असून आम्ही चुकलो.

डॉक्टरांनी समजावले, पिसू कुत्र्यावर राहते, पण तिची अंडी गळून पोत्यात, भेगांत, ओसरीच्या धुळीत पडतात. त्यांची अळी होते, मग कोश. कोशात ती कित्येक आठवडे दबून राहते व औषधाला दाद देत नाही. म्हणून एकदा करून भागत नाही.

मी मोत्याचे पोते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळविले, भेगा लिंपल्या, कोपरे रोज झाडले. वजन पाहून डॉक्टरांनी दिलेले औषध तीन महिने चुकविले नाही. कुत्र्याचे औषध मांजरीला मात्र लावू नका. तिच्या जिवावर बेतू शकते.

आणि बायांनो, शेजारची कुत्री तशीच राहिली तर आपले कष्ट वाया जातात. सगळ्या आळीने मिळून एकाच आठवड्यात हे काम करावे, एवढीच विनंती.