गणवेश उतरल्यानंतरचे आरोग्य

(माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संकलित शब्दरूप)



सैनिकाच्या शौर्याविषयी बोलणारे वक्ते उदंड आहेत. 26 जुलैला कारगिल विजय दिन येतो, 7 डिसेंबरला ध्वजदिन येतो. व्यासपीठे सजतात, सत्कार होतात. आजचा विषय त्या सत्कारानंतरचा आहे. हार गळ्यातून उतरवून घरी गेलेल्या त्या सैनिकाच्या गुडघ्यांचे, रक्तदाबाचे, साखरेचे काय, हा तो विषय.

सेवेत असताना सैनिकाचे शरीर ही राष्ट्राची ठेव मानली जाते. पहाटेची कवायत असते, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी असते. मनःस्वास्थ्य, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच निकषांवर त्याची वैद्यकीय श्रेणी ठरते. वजन वाढले तरी जाब विचारला जातो. निवृत्तीच्या दिवशी हा पहारा एकाएकी उठतो. कवायत थांबते, भूक मात्र तीच राहते. भरीस भर म्हणून तंबाखू सुटलेली नसते आणि कँटीनमध्ये मद्य स्वस्त मिळते.

हा दिवस लवकर येतो, हे समाजाच्या ध्यानात येत नाही. कार्यालयातील नोकरदार साठीच्या आसपास निवृत्त होतो. शिपाई, नाईक, हवालदार या पदांवरील जवान बहुधा पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान घरी येतो. त्याच्यापुढे आणखी तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य असते, आणि मधुमेह व रक्तदाब शिरकाव करतात ते नेमके याच वयात.

योजना आहे, पण...

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 2003 पूर्वी माजी सैनिकाला मुख्यतः लष्करी रुग्णालयांवर अवलंबून राहावे लागे. 1 एप्रिल 2003 रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस, सुरू झाली. पदानुसार एकदाच अंशदान भरायचे आणि पती-पत्नी व अवलंबितांसह आयुष्यभर उपचार घ्यायचे, अशी तिची रचना आहे. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना अंशदान माफ आहे. देशभर तिची सव्वाचारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. मे 2021 पासून ‘सेहत’ या सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्लाही मिळतो.

मग अडते कोठे? ही योजना मुख्यतः आजारी माणसासाठी उभी आहे. माणूस आजारी पडला की पॉलिक्लिनिक, तेथून चिठ्ठी, मग संलग्न रुग्णालय, असा तिचा क्रम आहे. संलग्न रुग्णालयांची देयके थकली की तेथेही रुग्णाची ओढाताण होते. आणि ज्याला काहीच दुखत नाही, त्याने या रांगेत कशासाठी उभे राहावे? डोंगराळ तालुक्यातील माजी सैनिकाला पॉलिक्लिनिक गाठायचे म्हणजे एस.टी.चे भाडे, बरोबर येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि पूर्ण दिवस. तपासणी फुकट असते. तिथवर पोहोचणे फुकट नसते. म्हणून तो जात नाही. पक्षाघाताचा झटका येतो तेव्हाच जातो, आणि ज्या आजाराला रोजच्या एका गोळीने आवर घातला असता, त्यासाठी घर महिनोन्महिने अंथरुणाशी बांधले जाते.

परवडणारे आरोग्य म्हणजे केवळ कमी शुल्क नव्हे. ते जवळ असावे, वेळेवर मिळावे आणि मागावे न लागता मिळावे.

तीन सोप्या गोष्टी

पहिली गोष्ट, जवळ जे आहे त्याचा वापर. गावच्या आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी विनामूल्य करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी त्यात आहे. पती सीमेवर असताना घर सांभाळणाऱ्या सैनिकपत्नीने स्वतःच्या प्रकृतीकडे कधी पाहिलेले नसते. तिला आधी न्यावे.

दुसरी गोष्ट, तपासणी माणसाकडे नेणे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे, कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी अशी गावे पिढ्यान्‌पिढ्या फौजेला जवान देत आली आहेत. अशा गावांत वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर, डोळे आणि श्रवण यांची तपासणी सहज होऊ शकते. तोफखान्यात सेवा केलेल्या कित्येकांना कमी ऐकू येते, पण ते सांगत नाहीत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. तालुक्यातील चार डॉक्टर, एक शाळा आणि नोंदवही सांभाळणारा एक कार्यकर्ता पुरतो. ती नोंदवही महत्त्वाची. तिच्याविना शिबिर म्हणजे एक दिवसाचा उत्सव.

तिसरी गोष्ट, कवायत पुन्हा सुरू करणे. सैनिकाला एकट्याने फिरायला जाण्याची सवय नसते. त्याला तुकडी लागते. गावातील दहा माजी सैनिक पहाटे मैदानावर आले, गुडघ्यांना झेपेल अशी योगासने केली, तर मनाचा एकटेपणाही हटतो. त्यांच्या मागे गावातील मुले येतील, हा लाभ निराळाच.

उद्याचा प्रश्न

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांच्या सेवेनंतर 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत घेतले जाणार आहेत. उरलेल्यांना योजनेनुसार सेवानिधी मिळतो. परंतु निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएसचे छत्रही नाही. हे तरुण पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. आज ते धडधाकट आहेत, म्हणून त्यांच्या आरोग्याचा विचार वीस वर्षांनी करू, असे म्हणणे ही तीच जुनी चूक ठरेल. किमान वार्षिक तपासणीचा हक्क त्यांना मिळावा, अशी मागणी सैनिकांचा आदर करणाऱ्या प्रत्येकाने शासनाकडे आग्रहाने केली पाहिजे. ज्यांना शासन आपले वाटते, त्यांनी तर अधिकच आग्रहाने.

ज्याने हिमशिखरावर रात्री जागून काढल्या, तो स्वतःसाठी काही मागत नाही. मागणे त्याच्या प्रकृतीत नाही. म्हणून या मेळाव्यातून घरी जाताना प्रत्येकाने एवढेच करावे: आपल्या आळीतील माजी सैनिकाच्या घरी जावे आणि विचारावे, “काका, शेवटचा रक्तदाब केव्हा मोजला होता?” उत्तर आठवले नाही, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना आणि काकूंना सोबत घेऊन आरोग्य केंद्राची वाट धरावी.

भारत माता की जय!